गलक्यातला ओळखीचा आवाज

बाळांनो, आमच्या तासगावजवळच्या गावातला दवाखाना बंद होणार, हे फोनवर सांगितलं होतं. त्यामागची गोष्ट मात्र सांगायची राहिली.

ग्रामसभेला न विचारता छोटे दवाखाने बंद करता येतील, असं विधेयक विधानसभेत आलं. आमचा आमदार माझा जुना विद्यार्थी. त्याला विधेयकाविरुद्धच्या भाषणासाठी मी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या वहीतल्या बाळंतपणाच्या नोंदी आणि माझे मुद्दे सुवाच्य अक्षरात लिहून दिले. शेजारणीबरोबर मोबाईलवर ते भाषण ऐकलं. जवळजवळ प्रत्येक वाक्य माझं होतं.

"आवं बाई, लय भारी बोलला की तुमचा पोरगा!" शेजारीण म्हणाली.

मग आवाजी मतदान झालं. अध्यक्षांनी विधेयकाला अनुकूल सदस्यांना 'होय' म्हणायला सांगितलं. त्या गलक्यात एक घोगरा आवाज मला ओळखू आला. दहावीच्या वर्गात हजेरी घेताना तो मी रोज ऐकत असे.

संध्याकाळी त्याचाच फोन आला. "बाई, भाषण कसं झालं?"

"आणि नंतर 'होय' कुणी म्हटलं?"

"पक्षाचा आदेश होता, बाई. पण तुमचे मुद्दे कामकाजाच्या नोंदीत आले ना!"

"माझे कागद परत पाठव," एवढंच मी म्हणाले.

ते अजून आलेले नाहीत.