आधी घर की आधी सही

ताई आणि भावोजी वेगळे झाले याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. मुलुंडच्या वन-रूम-किचनचं काय होणार, याची मात्र सगळ्यांना काळजी होती. ऐंशीच्या दशकात उपनगरात ओनरशिपचा ब्लॉक मिळवणं लग्न जमवण्यापेक्षा अवघड होतं.

ब्लॉक भावोजींच्या नावावर होता. त्यांच्या ऑफिसने कर्ज दिलं होतं आणि हप्ते त्यांच्या पगारातून कापले जात. ताई मुलुंडच्याच एका शाळेत शिकवायची. वाणसामान, दूध, वीज, पाहुणे, सासूची औषधं हे सगळं तिच्या पगारातून. लग्न नवं असताना ही वाटणी दोघांनाही सुटसुटीत वाटली होती. ताईच्या वकिलांनी ती ऐकून घेतली आणि पेनाला टोपण लावलं.

"घरासाठी तुम्ही काय दिलंत, याचा पुरावा?"

"इतकी वर्षं जेवले ना सगळे," ताई म्हणाली.

"ते जेवले बाई, आणि पचलंही. हप्त्याची पावती मिळते, आमटीची नाही मिळत."

पोटगी मागावी, तर तिला नोकरी होती. म्हणजे तिचा पगार पोटगी नाकारण्याइतका भरपूर होता, आणि घरात वाटा मागायला गेलं की तो दिसेनासा व्हायचा.

घर गेलं तर ती कुठे येणार हे उघड होतं. घाटकोपरला आमच्या दोन खोल्या होत्या. तिथे आई-वडील, मी आणि माझी बायको. आईने कपाट सरकवून स्वयंपाकघरात एका गादीपुरती जागा करूनही ठेवली. ताईने एकदा येऊन ती जागा पाहिली, आईला "छान आहे" म्हणाली आणि संध्याकाळी मुलुंडला परत गेली. त्यानंतर घर सोडण्याचा विषय तिच्याकडून निघाला नाही.

भावोजी तोवर बोरिवलीला चुलतभावाकडे राहायला गेले होते. त्यांना लवकर मोकळं व्हायचं होतं आणि संमतीने घटस्फोट हवा तर ताईची सही लागणार होती. एका रविवारी ते आले, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले आणि तासाभरात सगळं ठरलं. ऑफिसचं उरलेलं कर्ज ताईने एकरकमी फेडायचं, ब्लॉक तिच्या नावावर व्हायचा, पोटगी मागायची नाही, आणि तिने घटस्फोट द्यायचा. मोडलेल्या संसारातलं ते सर्वांत शहाणं संभाषण असावं.

प्रश्न राहिला आधी काय करायचं याचा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तो सोडवला.

"ताई, जे काय करायचं ते आत्ता करा. बायकोच्या नावावर करायला ट्रान्स्फर फी नाही. घटस्फोट झाला की तुम्ही परक्या. मग कमिटी फी लावणार. आमच्या कमिटीतली माणसं माहितीयत ना तुम्हाला? सख्ख्या भावाला सोडणार नाहीत."

एवढे पैसे दोघांकडेही नव्हते. म्हणजे आधी घर. भावोजींचे वकील ऐकून चक्रावले.

"अहो, अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं. मग दोघांनी कोर्टात उभं राहून परत हो म्हणायचं. तोपर्यंत त्या कधीही फिरतील. घर त्यांचं आणि बायको तुमची! वाट लागेल साहेब."

भावोजी म्हणाले, "बघू."

ताईने शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं. पतपेढीला विवाहित सभासदासाठी नवऱ्याची हमी हवी होती. ज्याच्यापासून सुटायला कर्ज काढायचं, तोच जामीन राहिला. पुढचे काही महिने दोघं पतपेढीत, भावोजींच्या ऑफिसात, सोसायटीत एकत्र जात होते, रांगेत एकमेकांसाठी जागा धरत होते आणि काम झालं की स्टेशनसमोरच्या उडप्याकडे इडली खात होते. लग्न झाल्यापासून दोघं इतकं कधीच बरोबर फिरले नव्हते. शेजारच्या काकूंनी ताईला जिन्यात गाठलं.

"काय गं, जुळलं वाटतं परत?"

"नाही हो काकू. नीट सुटायचंय, म्हणून बरोबर जातोय."

काकूंनी यातला पहिला शब्द ऐकलाच नाही. संध्याकाळपर्यंत ती आनंदाची बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचली, आणि आठवड्याभरात घाटकोपरला. आईने नवस बोलून टाकला.

ब्लॉक ताईच्या नावावर झाला. मग अर्ज झाला, सहा महिने गेले. दुसऱ्या तारखेला मी फोर्टच्या कोर्टात पोचलो तेव्हा भावोजी कॉरिडॉरमधल्या बाकावर एकटेच बसले होते. ताईचा पत्ता नव्हता. त्यांचे वकील घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते आणि दर फेरीला "मी म्हटलं होतं" अशा चेहऱ्याने आमच्याकडे पाहत होते. आमचा पुकारा कधीही झाला असता.

"भावोजी," मी शेवटी विचारलंच, "ती आली नाही तर?"

"येणार म्हणालीय ना?"

"म्हणाली खरं."

"मग येणार. म्हणाली की करणारच. माझं बोलणं म्हणजे नुसतं बोलणं, आणि हिचं म्हणजे दगडावरची रेघ. बारा महिने, चोवीस तास." त्यांनी रुमालाने मान पुसली. "तोच तर ताप होता रे घरात."

ताई पुकारा व्हायच्या जरासं आधी आली. शाळेत परीक्षा होती, पेपर गोळा करून निघाली होती. बोटांना अजून लाल शाई होती. "उशीर झाला का हो?" तिने भावोजींना विचारलं. "नाही, नाही," ते म्हणाले आणि बाकावरची आपली पिशवी उचलून तिला जागा करून दिली.

आत न्यायाधीशांनी दबाव आहे का, विचार बदलला आहे का, हे विचारलं. दोघांनी नाही म्हटलं. मग वकिलांनी लिहिलेल्या अर्जातलं एक वाक्य त्यांनी समजावून सांगितलं, की उभयतांचा परस्परांवरचा विश्वास पूर्णपणे संपुष्टात आला आहे. "हे खरं आहे?"

ताईने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी समोर पाहिलं. दोघांनीही शपथेवर "होय" म्हटलं.