समुद्र राहिला बाजूला

आईने दर्यापूरहून थेट कोकणात गोवऱ्या आणल्या होत्या. अकोल्याला गाडीत बसल्यापासून ती पिशवी मीच उचलत होते. आत काय आहे ते कळलं देवराईच्या फाटकावर, रखवालदाराने पिशवी उघडायला लावली तेव्हा. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"जंगलात देव हाये म्हनलं ना तूनं?" आई माझ्यावरच उखडली. "देवापाशी जाचं अन् रोडगे नाही कराचे?"

आमच्याकडे रानातल्या देवाला जायचं म्हणजे झाडाखाली गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पण ही देवराई समुद्राला लागून, पिढ्यान् पिढ्या कुऱ्हाड न लागलेली. आता तिथे पायवाटा आखल्यात आणि विस्तव तर सोडाच, काडेपेटीसुद्धा आत न्यायची नाही. रखवालदार बिचारा हात जोडून सांगत होता. आई त्याला वांगी काढून दाखवत होती. शेवटी ती फाटकाशीच फतकल मारून बसली. "तुमी या जाऊन," म्हणाली, जणू त्या गोवऱ्या कोणी पळवणारच होतं.

या भांडणात दुपार सरली. दिवस मावळायच्या आत बाहेर या, असं रखवालदाराने बजावलं होतं. समुद्र पायवाटेच्या पार टोकाला, आणि मला बाबांना समुद्र दाखवायचा होता. त्यासाठीच तर हा सगळा आटापिटा. बाबांना काचबिंदू झालाय. बाजूचं दिसेनासं झालंय, समोरचं तेवढं दिसतं. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल सांगता येत नाही, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

आणि बाबा चालेचनात! पहिल्या झाडाशी थांबले. मान मागे टाकून वर बघत राहिले. टोपी पडली, ती मी उचलून दिली. दहा पावलं गेले, पुन्हा थांबले. खोड केवढं, तर आमच्या घरची न्हाणी त्यात मावली असती. पण झाडं काय, परत येतानाही दिसली असती. मी त्यांचा दंड धरून ओढत होते, ते लहान मुलासारखे मागे रेलत होते.

"बाबा, चला ना. उजेड जाऊन राह्यला."

"हो, हो," म्हणायचे आणि पुढच्या झाडाखाली पुन्हा मान वर.

वाऱ्याबरोबर समुद्राची गाज ऐकू येऊ लागली, तसा माझा धीर सुटला. मी चक्क ओरडले, "तुम्हाला पाहायचाच नव्हता तर सांगायचं होतं! कशाला आणलं मी इतक्या लांब?"

बाबा शांतपणे झाडाला टेकले. ओठांवरून जीभ फिरवली.

"खारट हाये," म्हणाले. "आला तुहा समुद्र. काहून चिडतं वं पोरी? खारं पानी मले काय नवं हाये?"

दर्यापूरकडचा सगळा खारपाणपट्टा. आमच्या विहिरीचं पाणी खारट, चहासुद्धा खारट लागायचा. बाबांनी अंगणात आंबा किती वेळा लावला असेल. दर वेळी हातभर वाढायचा आणि वाळायचा. तरी पुढच्या वर्षी पुन्हा खड्डा खणायचे, आणि आई चिडवायची.

"समुद्र मले डोये गेल्यावरबी समजन," बाबा म्हणाले. "आवाज येते, तोंडाले चव लागते. झाडाच्या बुडालेबी हात लावता येते. पन शेंडा? शेंडा तं डोयानंच पाहा लागते ना."

मी त्यांचा दंड सोडला.

ते पुन्हा वर बघू लागले. फांद्यांच्या आड फांद्या, त्यांच्याही वर हिरवा काळोख. बराच वेळ त्यांनी मान इकडेतिकडे फिरवली.

"मले नाही गवसून राह्यला," ते म्हणाले. "तुले दिसते का?"

मी वर पाहिलं. माझे डोळे भरून आले होते, मला काहीच दिसेना.

"दिसते बाबा," मी म्हटलं. "लय वर हाये."