वाळूत उगवलेली बाजरी

माझ्या सासूबाई जर्मनीत आमच्याकडे र्युसेल्सहाइमला राहायला आल्या, तेव्हा त्यांच्या बॅगेत चार साड्या आणि सात किलो बाजरी होती. इथे सगळं मिळतं, असं मी फोनवर तीनदा सांगितलं होतं. पण दुसऱ्याचं ऐकतील त्या कुंदाबाई कसल्या?

सासरे हवामान खात्यात होते, त्यामुळे आईंची सोळा वर्षं जैसलमेरला गेली. तिथल्या प्राथमिक शाळेत त्या शिकवायच्या. माळढोक, खोकड, वाळूत बीळ करून राहणारा सांडा नावाचा सरडा ही त्यांची शेजारपाजारची मंडळी. सासरे गेल्यावर माझ्या नवऱ्याने, उत्कर्षने, त्यांना इकडे आणलं आणि वर्षभर त्या खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघत राहिल्या. मला काळजी वाटायची आणि, खोटं कशाला बोलू, रागही यायचा.

गावाबाहेर वाळूच्या जुन्या टेकड्या आहेत. जागा संरक्षित आहे आणि एक निसर्गमंडळ ती सांभाळतं. मंडळाच्या लिंडनर बाई, इकडच्या भाषेत फ्राऊ लिंडनर, महिन्यातून एकदा मुलांना तिथे फिरवतात. माझ्या आठ वर्षांच्या इराला घेऊन गेले, तेव्हा आईंनाही ओढून नेलं. तिथे वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी मुंगीची वाट बघत बसलेला किडा दिसला आणि आईंनी चक्क जमिनीवर बसकण मारली. "अगं, हा आमच्याकडेही असतो," त्या म्हणाल्या. वर्षभरात त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यातला एक रविवार त्यांना मिळाला. त्या मराठीत सांगायच्या आणि इरा जर्मनमध्ये. वाळवंट ओसाड नसतं, ते काटकसरीने चालणारं घर असतं. सांडा पाणी पीत बसत नाही, पानांतला ओलावा पुरवून पुरवून वापरतो. आपणही भाजी धुतलेलं पाणी झाडांना घालावं. गोरी गोरी पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची. त्या रविवारासाठी आई वर्षभर जगायच्या, यात काडीची अतिशयोक्ती नाही.

२०१८च्या उन्हाळ्यात इकडे पाऊस पडेना. गवत वाळून कोळ झालं. आईंना राहवेना. आमच्याकडे उन्हाळ्यात पाखरांसाठी दाणापाणी ठेवतातच, त्यात काय विचारायचं? रोज सकाळी फिरायला जाताना त्या टेकडीवर मूठभर बाजरी टाकायच्या, मातीच्या ताटलीत पाणी ओतायच्या आणि आदल्या दिवसाचं उरलेलं तिथेच शिंपडायच्या. ऑगस्टमध्ये त्या ओलीवर बाजरी तरारून उगवली.

फ्राऊ लिंडनर हादरल्या. त्या वाळूत काही पिकत नाही म्हणूनच तिथली दुर्मीळ फुलं आणि निळ्या पंखांचे नाकतोडे टिकून आहेत. बाहेरचं बी आलं, की ते मागे पडतात. ज्याने हे केलं त्याला मंडळात जागा नाही, असा मेल आला. कुजबूज सुरू झाली, की कबुतरांना खायला घालणारे म्हातारे क्र्यूगर असतील.

आईंचा रविवार चार दिवसांवर आला होता. मी त्यांना मेल वाचून दाखवला.

"मीच गं ती. वाळवंटात राहून मला कळू नये?"

"आई, गप्प राहा," मी म्हणाले. "कुणाला कळणार आहे? उपटून टाकतील आणि विसरतील."

"आणि ते क्र्यूगर?"

"त्यांचं ते बघतील."

इरा टेबलाशी गृहपाठ करत होती.

रविवारी वीसेक मुलं आणि त्यांचे आईबाप जमले. क्र्यूगर एकटेच कडेला उभे होते. आईंनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आधी एक सांगायचंय. ही बाजरी मी टाकली. पाखरांची दया आली, पण ही जागा कशावर जगते ते मी विचारलं नाही."

इराने माझ्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये सांगितलं, "कुणीतरी इथे बाजरी टाकली. पाखरांची दया आली म्हणून."

तीन वर्षांत आईंना तेवढं जर्मन कळायला लागलं होतं. त्यांनी इराच्या डोक्यावर हात ठेवला. "नाइन," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "इश. इश वार दास." नाही, मी. ते मीच केलं.

फ्राऊ लिंडनर हळू आवाजात म्हणाल्या, "तर, नियम सगळ्यांना सारखा. आज मुलांना मी फिरवते." क्र्यूगरांनी टोपी काढून आईंकडे मान लववली. आई "गेनाऊ", म्हणजे "बरोबर", एवढंच म्हणाल्या, पदर खोचला आणि गुडघे टेकून एकेक रोप मुळासकट उपटायला लागल्या. मुलं पुढे निघून गेली. तो रविवार त्यांच्या हातून गेला होता आणि मला रडू येत होतं.

इरा मात्र गेली नाही. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "मी तू सांगितलं तसंच केलं ना? मग आजीने का सांगितलं?"

दहा वर्षांची पोर खरंच विचारत होती. मी चपला काढल्या, आईंच्या शेजारी जाऊन गुडघे टेकले आणि इराला हाक मारली.