लोकरीला विटाळ नसतो

"पाणी काय म्हणतं?"

प्रयोगशाळेत कुणी आनंदाने ओरडत आलं, की बाईंचा हा प्रश्न ठरलेला. चष्मा कपाळावर सारायचा, हात पुढे करायचा आणि विचारायचं. रोग्याच्या नळीत काय सापडलं ते नंतर.

ही पाण्याची भानगड आधी सांगते, म्हणजे तुम्हाला बाई कळतील. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बनारसच्या एका प्रयोगशाळेत आम्ही रोग्यांच्या नमुन्यांतून टीबीचे जंतू ओळखायचो. जंतू वाढवून ओळखायचे तर आठवडेच्या आठवडे जात. मग नवी पद्धत आली. जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा यंत्रात घालायचा, तापवत-गार करत त्याच्या लाखो नकला काढायच्या आणि जेलीच्या वडीत सोडायच्या. जांभळ्या दिव्याखाली नारिंगी रेघ चमकली, की जंतू आहे. पण या नकला भारी चावट. जुन्यातला एखादा कण हाताला, कपड्याला लागून नव्या नळीत पडला, तरी त्याच्याही लाखो होतात आणि नसलेला रोग दिसायला लागतो. म्हणून दर वेळी एका नळीत नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घालायचं. त्या पाण्यात रेघ दिसली, तर सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून.

बाई तिथल्या प्रमुख. बनारसच्याच दूधविनायक मोहल्ल्यातल्या, पिढीजात मराठी वेदपाठी घरातल्या. मराठी बोलता बोलता मध्येच "अगं, जरा ठहर ना" म्हणायच्या. मी नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागे नागपूरहून आलेली. पहिल्या दिवशीच त्यांनी माझं नाव 'नागपूरकर' ठेवलं आणि शेवटपर्यंत तेच चालवलं.

घरातलं सोवळं त्यांनी प्रयोगशाळेत आणून बसवलं होतं. नळ्या भरायची खोली 'सोवळ्याची'. रेघा बघायची खोली 'खरकटी'. दोन्हीकडचे कोट वेगळे, पेनं वेगळी, चपलासुद्धा वेगळ्या. आमचे सहकारी पांडेजी तोंडात पान धरून कुरकुरायचे, "दीदी, ये लैब है कि मंदिर?"

"मंदिर में तो तुमको जाने दूँगी, यहाँ नहीं," बाई म्हणायच्या.

आता तुम्ही म्हणाल, बाई कर्मठ दिसतात. छे हो! झाडू मारायला येणाऱ्या बाईच्या डब्यातलं लोणचं त्या मागून खायच्या. मी एकदा छेडलं, तर म्हणाल्या, "माणसाला कसला आलाय विटाळ? विटाळ नळीला."

एका हिवाळ्यात त्यांच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या मानेत गाठ आली. अण्णा वेदपाठशाळेत शिकवायचे. आई लहानपणीच गेल्यावर बाईंना त्यांनीच वाढवलं, आणि सगळी गल्ली नावं ठेवत असताना कॉलेजातही त्यांनीच घातलं. डॉक्टर म्हणाले, टीबी असेल, नाहीतर कॅन्सर. टीबी असला तर गोळ्यांनी बरे होतील. गाठीतला थोडा भाग आमच्याकडे तपासायला आला.

"लोक देवाला म्हणतात रोग टाळ," बाई म्हणाल्या. "मी टीबी मागतेय बघ, नागपूरकर."

नळ्या त्यांनी स्वतः भरल्या. जांभळा दिवा लावला, तर अण्णांच्या जागी ही ठसठशीत नारिंगी रेघ! पांडेजी नाचायचेच बाकी होते. "दीदी, टीबी है! मिठाई मँगवाइए!" टीबी झाला म्हणून मिठाई मागणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

बाईंनी चष्मा कपाळावर सारला. हात पुढे केला.

"पाणी काय म्हणतं?"

पाण्याच्या जागीही एक पुसट रेघ होती.

"हल्की सी है, दीदी," पांडेजी म्हणाले. "भाईसाहब की देखिए, कितनी तेज है."

मलाही तेच वाटत होतं. बाईंनी नुसती मान हलवली असती, तर संध्याकाळी अण्णांच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. मी म्हटलं, "बाई, सुरू तर करू देत गोळ्या."

"आणि कॅन्सर असला तर? गोळ्या संपेपर्यंत तो काय वाट बघत बसणारे?"

मग शोधाशोध सुरू झाली. कोट बदलले होते. चपला बदलल्या होत्या. कुठेच काही चुकलं नव्हतं. बाई स्टुलावर बसून होत्या. थंडीने त्यांनी शाल सारखी केली आणि हात तिथेच थांबला.

अण्णांची तपकिरी लोकरीची शाल. थंडी पडल्यापासून ती बाईंच्या कोटावर होती. खरकट्या खोलीत आणि सोवळ्याच्याही खोलीत. रोज आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

"आमच्याकडे लोकरीला विटाळ नसतो गं," त्या हळूच म्हणाल्या. घरी सुती कपडा सोवळ्यात वेगळा वाळवायचा, पण अण्णांच्या धाबळीला कुणीही हात लावावा. लोकर ती, तिला काही होत नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच रडल्या. मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्या उठल्या आणि शाल बाहेरच्या खिळ्याला टांगून आल्या.

सगळी खोली पुसून काढली. उरलेला नमुना घेऊन बाई नुसत्या सुती कोटात नळ्या भरायला बसल्या, दात वाजत होते. जांभळा दिवा लावायच्या वेळी मात्र त्या आत आल्या नाहीत. दाराबाहेर पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

"पाणी काय म्हणतं?"

"स्वच्छ आहे, बाई."

पुढचं त्यांनी विचारलं नाही. अण्णांची जागासुद्धा तितकीच स्वच्छ होती.

"बरं," त्या म्हणाल्या.

रेघ नाही म्हणून टीबी नाहीच, असं काही छातीठोक सांगता येत नाही. पण गोळ्यांची घाई टळली आणि गाठ मुंबईला तपासायला गेली. कॅन्सरच निघाला. इलाज वेळेत सुरू झाले म्हणून अण्णांना आणखी काही वर्षं मिळाली. मुन्शी घाटावर सकाळच्या उन्हात बसून ते विद्यार्थ्यांचं पाठांतर ऐकायचे. बाई कामावर येताना ते डोळे भरून बघून यायच्या, आणि कधी कधी मीही त्यांच्याबरोबर असायची.

मग अण्णा गेले. बाई निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. आता तपासण्या पुष्कळ सोप्या झाल्यात, पण आत-बाहेरचं सोवळं मी मोडू दिलेलं नाही. बाईंची फार आठवण येते हो.

शाल त्यांनी नेली नाही. सोवळ्याच्या खोलीबाहेर ती अजून त्याच खिळ्याला आहे. थंडी पडली की नवी मुलं विचारतात, "मॅडम, ये शॉल किसकी है?"

मी चष्मा कपाळावर सारते आणि हात पुढे करते.

"बताती हूँ. पहले पानी दिखाओ."