शून्य मार्क आणि सोललेलं केळं

धुळ्याच्या एका केअर होमने माझ्या मोठ्या भावाला फसवलं. हे आधीच लिहितो, कारण पुढचं वाचून लोक मूळ मुद्दा विसरतात.

मी रावेरचा केळीचा व्यापारी, हमालीतून वर आलेला. भुताखेतांवर सोडा, दुसऱ्याच्या वजनकाट्यावरही माझा विश्वास नाही.

नानांची, म्हणजे या भावाची, उजवी बाजू लकव्याने गेली. जळगावच्या रिहॅब सेंटरने दोन महिने व्यायाम घेतला आणि सुटताना कागदावर लिहून दिलं — खाणे : दहापैकी पाच, डाव्या हाताने, थोड्या मदतीने. धुळ्याला पहिल्याच दिवशी — खाणे : शून्य. माणूस तोच... जळगावला ताट पुढे ठेवून वाट बघायचे. इथे मावशी सगळ्यांना भरवून मोकळ्या होतात, आणि भरवलं म्हणून शून्य.

"शून्यवाल्यांना व्यायाम नसतो, भाऊ," सिस्टर म्हणाल्या.

"वाट न बघता शून्य? असा सौदा मी बाजारात मोडून टाकतो."

व्यायाम नाही म्हणजे नाना घरी येणार नाहीत. म्हणून महिन्याभराने मीच परीक्षा घेतली. दुपारी त्यांच्या डाव्या हाताशी एक केळं ठेवलं आणि दारात खुर्ची टाकून बसलो. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला जाळी. अर्ध्या तासाने आत गेलो.

केळं संपलेलं. छातीवर साल — खालच्या टोकाकडून सोललेली, चार सारख्या पट्ट्या. अशी साल नाना एकटेच काढायचे, उजव्या अंगठ्याच्या नखाने. डावा हात कोरडा, स्वच्छ. उजव्या अंगठ्याच्या नखात सालीचे धागे... आणि मूठ घट्ट मिटलेली. मावशींना बोलावून दोघांनी जोर लावला, उघडेना.

"भाऊ, हाई मूठ ते आले तवापासून महिनाभर उघडेल नही," मावशी म्हणाल्या.

"नाना, कोणी सोललं?"

नानांनी डोळे उघडले. जड जिभेने म्हणाले, "दारात तर तूच होता ना?"

सिस्टरला म्हटलं, आता मार्क बदला. म्हणाल्या, "आम्ही पाहिलं नाही, भाऊ. पाहिलेलंच लिहायचं असतं."

मग शून्य लिहिताना पाहायला कोण बसलं होतं?

नंतर पुष्कळ केळी ठेवून पाहिली. एकही सोललं गेलं नाही. ते एक कसं सोललं, मला आजही माहीत नाही, आणि त्याचा जाब मी कोणाला विचारत नाही. पण शून्य माणसाने लिहिलंय, खाली सही आहे. त्या सहीवाल्याने नानांसमोर ताट ठेवावं, अर्धा तास बसावं, आणि मग सांगावं... किती.