काजळासुराचा मुखवटा

माझाच चेहरा त्यांनी माझ्या तोंडावर रबरानं बांधला. टेक्सासमधल्या फ्रिस्कोच्या लायब्ररीतला हॉल, मुलांसाठी कॉमिक्सचा कार्यक्रम. समोर मराठी मंडळींची पोरं, हातात फोमच्या तलवारी. मुखवटा पुठ्ठ्याचा, आमच्या कॉमिक्समधल्या राक्षसाचा. काजळासुर. नाक माझं, जाड ओठ माझे, पुढचा अर्धा तुटका दातसुद्धा माझाच.

"शोधायला कुठं जावंच लागलं नाही," काकू, म्हणजे माझ्या मालकांच्या बायको, म्हणाल्या. "राक्षस घरातच मिळाला!"

हॉल हसला. मीही हसलो. माझं हसणं साधंसुधं नाही. फ्रिस्कोत हसलो की डॅलसची कुत्री भुंकतात. त्या दिवशी मात्र ते पुठ्ठ्याच्या आतच जिरलं.

मी थापाड्या, हे आधीच सांगतो. नागपुरात आमच्या वस्तीत म्हणायचे, जयंतीच्या मिरवणुकीत एक ट्रक असला तर हा सात हत्ती सांगेल. त्याच जिभेवर मी अमेरिकेत कॉमिक्सचा लेखक झालो. आलो होतो इंजिनिअरिंग शिकायला. युनिव्हर्सिटीच्या पेपरात चित्रकथा लिहायला लागलो आणि काकांनी हेरलं. काका म्हणजे फार पूर्वी इकडे आलेले इंजिनिअर, आता सॉफ्टवेअर कंपनीचे मालक. देसी मुलांसाठी कॉमिक्स काढायची त्यांना हौस. आठवडाभर त्यांचा कोड लिहायचा, शनिवार-रविवार त्यांचं कॉमिक्स. नोकरी त्यांची. व्हिसा त्यांच्या कंपनीचा. राहायची खोली त्यांच्याच गराजवर. काकांनी गाडी काढली की माझा पलंग पार ओक्लाहोमाच्या हद्दीपर्यंत सरकायचा.

तरी मी तिथंच. नोकरी सुटली की देश सुटला.

पहिल्याच गणपतीला काकांनी पाठ थोपटली. "वा रे, लेखक!" शाबासकीचा हात सरळ पडतो. हा तिरका फिरला. डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. जानवं चाचपत. सापडलं नाही. मग म्हणाले, "आडनाव काय म्हणालास? मूळचे कुठले तुम्ही?"

त्या दिवसापासून माझा चहा कागदी कपात.

कॉमिक्सची नायिका म्हणजे माझी आई. कोळशाच्या वखारीत पोती उचलायची ती. मी तिला शक्ती दिली: तिनं नुसता हातात घेतला की कोळसा पेटतो. स्क्रिप्टमध्ये स्वच्छ लिहिलं, रंग कोळशाचा. काकू रंगवणाऱ्याला म्हणाल्या, "जरा उजळ कर ना. मुलं रिलेट नाही करत." पहिल्या अंकात आई सावळी झाली. दुसऱ्यात गव्हाळ. तिसऱ्यात थेट सदाशिव पेठेत जन्मली. उरलेला सगळा काळा रंग काजळासुराला गेला. चित्रांसाठी म्हणून माझे फोटो काढले होते. मला वाटलं, नायिकेच्या भावासाठी असतील.

काकांकडे गेलो. म्हणाले, "कॉन्ट्रॅक्टवर सही केलीस ना? पात्र कंपनीचं."

पात्र कंपनीचं. आई माझी.

तर, हॉलमध्ये काका म्हणाले, "चल रे, आडवा हो. हिरोइन येतेय."

मी पालथा पडलो. हो, पडलो. व्हिसा असा पाडतो माणसाला. पोरांनी तलवारी हाणल्या. नायिका झाली होती काकांची लेक, जरीच्या साडीत. तिनं माझ्या पाठीवर पाय दिला. नेमका तिथंच, जिथून काकांचा हात फिरला होता. माझ्या आईचं सोंग, माझ्याच पाठीवर. पुठ्ठ्यात श्वास कोंडला. मी हात टेकले, उठायला लागलो.

"यू आर सपोज्ड टू स्टे डाऊन, दादा," पोरगी गोड आवाजात म्हणाली.

तिचा काय दोष? तिला तसंच सांगितलेलं. पण मी तसं लिहिलं नव्हतं.

उभा राहिलो. मुखवटा ओढला, रबर तुटलं.

"ही बाई माझी आई आहे," मी म्हणालो. "ती काळी आहे. आणि ती कुणाच्या पाठीवर पाय देत नाही."

काका जवळ आले. ओठांवर हसू तसंच. हळूच म्हणाले, "सीन करू नकोस. सोमवारी ऑफिसात ये, व्हिसाचं बोलू."

"बोला की. मी उभ्यानं ऐकेन."

सोमवारी नोकरी गेली. खोली गेली. यात एकही हत्ती जास्तीचा नाही.

बॅग भरायच्या आधी मी नवी स्क्रिप्ट लिहायला घेतली. वर माझं नाव, आडनावासकट. कंपनी कुणाचीच नाही.

चौकट पहिली. कोळशाची वखार. पाठीवर पोतं घेतलेली एक बाई, ताठ उभी. रंगवणाऱ्यासाठी सूचना: एक छटाही उजळ करू नये.