मामाजी, अस्वल आणि माझ्या कॉलरचा माइक

आधी चहा ओता, कारण हा किस्सा कोरड्या घशाने सांगण्यासारखा नाही. अख्ख्या गावासमोर नाक कापलं गेलं माझं, आणि कापणाराही मीच!

नांदुऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पण जीव सगळा जंगलात! देशातली एकूण एक राष्ट्रीय उद्यानं नि अभयारण्यं व्हिडिओत टिपायची, हे माझं खूळ. ताडोबा झालं, पेंच झालं, कान्हा झालं. वाघ? छे हो! दिसली ती नुसती त्याची पावलं. त्यावरून आमचे मामाजी, म्हणजे सासरेबुवा, चारचौघांत माझी उडवायचे.

"जवाईबापू, झाडं पाहाले इतक्या दूर कायले जाता? आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, लय झाडं हायेत!"

हे मला फार लागायचं. या माणसाने एकदा तरी मला 'वा!' म्हणावं, एवढीच माझी इच्छा. सासुरवाडी संग्रामपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी. तेव्हा ठरवलं, तिथल्याच अंबाबरव्याच्या जंगलात त्यांनाच घेऊन जायचं!

पाणवठ्याजवळ एक लोखंडी मनोरा होता. भाकरी-ठेच्यावर ताव मारून मामाजी म्हणाले, "तुम्ही व्हा वर. मी खालीच बरा." मी चढलो, कॅमेरा डोंगराकडे लावून ठेवला, कॉलरला माइक लावला आणि सुरू झालो, "मित्रांनो, सातपुड्याच्या या डोंगररांगा…"

तेवढ्यात खालून आवाज. घुर्र्र… खर्र्र!

अस्वल! दुसरं काय असणार? खाली मामाजी एकटे आहेत, हे लक्षात नव्हतं का? होतं ना! पण पाय जिना उतरेल तर शपथ! डोळे गच्च मिटून कोपऱ्यात बसलो आणि मारोतीचा धावा सुरू केला. मग कसाबसा धीर करून पाण्याची स्टीलची बाटली कठड्यावर बडवली. ठण् ठण् ठण्! आवाज एकदम बंद.

मामाजी डोळे चोळत पुढे आले. "काय झालं जी?"

"मामाजी, अस्वल होतं! तुमच्यापासून हातभरावर! मी हाकललं."

त्यांचे डोळे भरून आले हो! "जवाईबापू, तुमच्यापाई वाचलो आज!"

मी खोटं बोललो का? अस्वल मला खरंच वाटलं होतं! हाकलल्याचा भाग जरा फुगवला, एवढंच.

सासुरवाडीत पोचेपर्यंत मामाजींच्या तोंडी त्या अस्वलाला दोन पिल्लं झाली होती. संध्याकाळी मारोतीच्या देवळापुढे पडदा लागला, मोठे स्पीकर आले, मला फेटा बांधला. मी म्हटलं, "मामाजी, थोडं एडिटिंग करतो."

"काऊन? अस्सल हाय तेच दाखवा!" म्हणत त्यांनी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पडदेवाल्याला देऊनही टाकलं.

पडद्यावर नुसता डोंगर. स्पीकरमधून घुर्र्र… खर्र्र! पोरं आयांना बिलगली. आणि पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या.

"अवो जवाईबापू, हे कायचं अस्वल? हे त तुमचे मामाजी घोरून राह्यले! लगन झाल्यापासून ऐकून राह्यली मी!"

काय हशा पिकला! तो ओसरतोय तोच माझा रडका आवाज गावभर दणाणला, "मारोतीराया, मले वाचव! मामाजीचं त वय झालं, माहे लेकरं लहान हायेत! साऱ्या गावाले रोडगे घालतो!"

सगळ्यांच्या माना मामाजींकडे. मामाजींनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं.

"जवाईबापू, नवस बोलले तुम्ही. फेडाच लागन."

शनिवारी देवळापुढेच फेडला. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. मामाजी स्वतः पंगतीत आग्रह करत फिरत होते, "घ्या घ्या, लाजू नका. माह्या बदल्यात कबूल केलेले रोडगे हायेत!"

शेवटी स्वतः जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि म्हणाले, "वा!"

ते रोडग्याला होतं.

जेवून ते पारावर आडवे झाले. थोड्या वेळाने घुर्र्र… खर्र्र! सारं गाव खो खो हसत वर पाहायला लागलं. वर कोण?

मी! देवळासमोरच्या कडुनिंबावर. कधी चढलो, आईशप्पथ, मलाही कळलं नाही.